आठशे किलो आणि दोन टन

१९८४ मध्ये गुडगावच्या कारखान्यातून बाहेर पडलेली मारुती व्हॅन पुढे ‘ओम्नी’ या नावाने देशभर रूढ झाली. चाकणला घडणारी स्कॉर्पिओ-एन २०२२ मध्ये आली. एकीचे इंजिन ७९६ सीसीचे आणि वजन जेमतेम ८०० किलो. दुसरी सुमारे २,००० किलोंची. ही तुलना विषम खरी. पण भारतीय रस्त्यांवर या गाड्या रोज समोरासमोर येतात, म्हणून ती टाळता येत नाही.

आधी हाताळणी पाहू. ओम्नीच्या पुढच्या व मागच्या आसांमधील अंतर १,८४० मिलिमीटर, स्कॉर्पिओ-एनचे २,७५०. चाके सारख्याच कोनातून वळवली, तर वळणाची त्रिज्या या अंतराच्या प्रमाणात वाढते. अरुंद गल्लीत ओम्नी लीलया वळते ती यामुळेच. मात्र तिची उंची १,६४० मिलिमीटर आणि रुंदी १,४१० मिलिमीटर आहे. स्कॉर्पिओ-एन १,८५७ उंच, तर १,९१७ रुंद. गाडी कलंडण्याचा धोका गुरुत्वमध्याची उंची आणि डाव्या-उजव्या चाकांमधील अंतर यांच्या गुणोत्तरावर ठरतो; केवळ उंची पाहून निवाडा करता येत नाही.

खरा प्रश्न टकरीचा आहे. दोन्ही गाड्या ताशी ४० किलोमीटर वेगाने समोरासमोर आदळून एकमेकींत रुतल्या, असे समजू. संवेग अक्षय्यतेच्या नियमानुसार त्यांचा सामाईक वेग जड गाडीच्या दिशेने ताशी सुमारे १७ किलोमीटर येतो. म्हणजे स्कॉर्पिओ-एनच्या वेगात २३ किलोमीटरचा बदल, तर ओम्नीच्या वेगात तब्बल ५७चा. बल दोघींवर सारखेच. त्याचे परिणाम मात्र हलक्या गाडीतील माणसे अधिक भोगतात. त्यातच ओम्नीचे इंजिन पुढच्या आसनांखाली असते. चालकाच्या गुडघ्यांपुढे चुरडून ऊर्जा शोषून घेईल असा पुरेसा भागच उरत नाही.

२०१९ मध्ये टकरीच्या चाचण्यांचे निकष सर्व मोटारींना लागू झाले आणि त्याच वर्षी ओम्नीचे उत्पादन थांबले. रस्त्यावरच्या जुन्या व्हॅन मात्र थांबल्या नाहीत. त्यांतून शाळेची मुले आजही ये-जा करतात. स्कॉर्पिओ-एनला ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी मिळालेले पाच तारे आत बसलेल्यांविषयी बोलतात, समोरून येणाऱ्या व्हॅनमधील मुलांविषयी नाही. त्या मुलांची सुरक्षितता बऱ्याच अंशी जड गाडीच्या चालकाच्या पायाखाली असते: वेग ८० वरून ६० वर आणला, की गतिज ऊर्जा सुमारे ४४ टक्क्यांनी घटते.