रविवारचे पान
इंग्लंडमधील खेड्यातला पब म्हणजे केवळ मद्यालय, असा आपला समज असेल, तर रविवारी दुपारी तेथे डोकवावे. आजोबांपासून नातवंडांपर्यंत सारे एकाच टेबलाभोवती असतात. समोर ओव्हनमध्ये भाजलेले मांस, बटाटे, गाजरे आणि टम्म फुगलेले यॉर्कशर पुडिंग; नावाला फसू नका, ते गोड नसते. इंग्लंडात आमच्याकडे राहणाऱ्या माझ्या सासूबाई घरी दुपारी एकट्या दोन घास खाऊन उठतात. येथे तासभर जेवतात. कवळी असणाऱ्यांना कोंबडीचे बारीक तुकडे ग्रेव्हीत भिजवून द्यावेत. ग्रेव्हीत मीठ बरेच असते, म्हणून रक्तदाब असल्यास ती बेतानेच. अर्धे ताट मागण्यास संकोच नको. मात्र वृद्धांना वेगळे बसवून भरवू नका. परवा शेवटचा बटाटा नातवाच्या आधी सासूबाईंनीच उचलला!