आधी ताळा, मग माणूस

रोजमेळ जुळला नाही, तर जुन्या पेढ्यांवरील दिवाणजी आधी माणसाकडे पाहत नसत, आकड्याकडे पाहत. फरकाला नऊने पूर्ण भाग गेला, तर बहुधा दोन आकड्यांची अदलाबदल झालेली असते. फरकाच्या निम्म्या रकमेची नोंद सापडली, तर ती जमेऐवजी नावे पडलेली असण्याचा संभव असतो. पुण्याच्या मार्केट यार्डातील एका भुसार पेढीवर ही शिस्त दोन पिढ्या पाळली गेली होती. १९९९ सालच्या एका दुपारी मात्र तिचा थोडा वेळ विसर पडला, आणि तोही एका लहानशा यंत्रापुढे.

ते यंत्र म्हणजे मोडेम. विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, आणि पुढच्या काही वर्षांत ई-मेल व्यापाऱ्यांच्या पेढीपर्यंत पोहोचला. संगणकाची भाषा आकड्यांची, टेलिफोनच्या तारेची आवाजाची. या दोघांमधला दुभाषी म्हणजे मोडेम. पुस्तकाएवढी पेटी, पुढे दिव्यांची रांग आणि मागे तीन वायरी: एक विजेची, एक टेलिफोनची आणि एक संगणकाकडे जाणारी.

त्या दिवशी पाच वाजण्यापूर्वी परगावच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाला भाव कळवायचे होते. संगणकाने मात्र मोडेम प्रतिसाद देत नसल्याचे सांगितले. पुन्हा प्रयत्न केला, तरी उत्तर तेच. शेठजींची नजर कोपऱ्यातल्या मुलाकडे वळली. बी.कॉम. होऊन सहा महिन्यांपूर्वीच तो पेढीवर लागला होता.

"काल संध्याकाळी यंत्रावर तूच बसला होतास ना?"

"हो शेठजी. पण दोन पत्रे पाठवली, ती नीट गेली."

"मग बिघडले कसे? दुरुस्तीचा खर्च कोणी द्यायचा?"

हमाल, मापाडी, दोन गिऱ्हाइके, सर्वांसमोर हे बोलणे झाले. मुलाने मान खाली घातली. तेव्हा खतावणीतून डोके वर काढून दिवाणजी म्हणाले, "शेठ, आधी ताळा पाहू. माणूस शेवटी."

दिवाणजींनी संगणकाला कधी हात लावला नव्हता. क्रम मात्र त्यांना ठाऊक होता. एका वेळी एकच गोष्ट तपासायची, आणि जी बरोबर ठरली तिच्याकडे पुन्हा वळायचे नाही. विजेचा दिवा लागलेला होता. मोडेम बंद केला, थोडा वेळ थांबून चालू केला आणि मग संगणक नव्याने सुरू केला. फरक पडला नाही. टेलिफोनच्या तारेविषयी मुलाने खुलासा केला, "दिवाणजी, तार काढली तरी मोडेमने संगणकाला उत्तर द्यायलाच हवे. बाहेर फोन लावतानाच तारेचा संबंध येतो." म्हणजे ती शंकाही खात्यातून वजा झाली. उरली संगणकाकडे जाणारी वायर. ती काढून पाहिली. एकही पिन वाकलेली नव्हती. दोन्ही टोके स्क्रू आवळून घट्ट बसवली.

मग मुलाने विंडोजमधला हायपरटर्मिनल हा प्रोग्राम उघडला. त्यातून मोडेमशी थेट बोलता येते. 'एटी' ही दोन अक्षरे लिहून एंटर दाबले, की मोडेम 'ओके' म्हणतो. 'अटेन्शन' या शब्दातून आलेली ही हाक हेज कंपनीने १९८१ सालच्या आपल्या मोडेममध्ये आणली आणि पुढे जवळजवळ सर्वांनीच ती स्वीकारली. मुलाने 'एटी' लिहिले. 'ओके' आले नाही.

तो मात्र पडद्याकडे पाहतच राहिला. "शेठजी, अक्षरे दिसत आहेत. ती संगणक दाखवत नाही, मोडेम परत पाठवतो. याचा अर्थ वायर ठीक, पोर्ट ठीक, मोडेमही जिवंत. तो ऐकतो आहे, फक्त बोलत नाही. त्याला कोणीतरी गप्प राहायला सांगितले आहे."

मोडेमची पुस्तिका काढली. उत्तरे बंद करण्याची आज्ञा 'क्यू' आणि एक. पुस्तिकेत तिच्यासमोर 'क्वाएट' हा शब्द होता, आणि त्या शब्दाखाली पेन्सिलीची रेघ होती. रेघ शेठजींचीच होती.

फोन लागताना मोडेम जो कर्कश आवाज काढतो, त्याला कंटाळून आदल्या रात्री पेढी बंद करताना त्यांनीच ही आज्ञा देऊन ती यंत्राच्या स्मृतीत कायम केली होती. स्पीकर बंद करण्याची आज्ञा वेगळी होती, 'एम' आणि शून्य. त्यांनी आवाजाऐवजी उत्तरच बंद केले होते. कायम केलेली नोंद असल्यामुळे वीज बंद करूनही ती पुसली गेली नव्हती.

मुलाने कारखान्यातील मूळ मांडणी परत आणणारी आज्ञा दिली. पडद्यावर 'ओके' उमटले. मग स्पीकर बंद करून नवी मांडणी जतन केली. पाचला दहा मिनिटे असताना भाव रवाना झाले.

शेठजी काही क्षण गप्प होते. मग गादीवरून उठले आणि हमाल, मापाडी व गिऱ्हाइके अजून तिथेच असताना म्हणाले, "चूक माझी होती. याचे नाव मी उगाच घेतले." मुलाकडे वळून ते म्हणाले, "बाळ, मनात ठेवू नकोस."

दिवाणजींनी पुन्हा खतावणीत डोके घातले. चुकीची नोंद खोडून चालत नाही, उलट नोंद करूनच ती दुरुस्त होते, हे त्या पेढीवर सर्वांना माहीत होते. आरोप चारचौघांत झाला होता; म्हणून उलट नोंदही चारचौघांतच व्हायला हवी होती.