जमिनीखालचं धन कोणाचं

बोट्सवाना हा देश आकाराने महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट आणि लोकसंख्येने आमच्या चंद्रपूर जिल्ह्याएवढा. २०२२ च्या जनगणनेत तिथे साडेतेवीस लाखांच्या आसपास माणसं मोजली गेली. चंद्रपूर जिल्ह्याने २०११ मध्येच बावीस लाखांचा आकडा ओलांडला होता. दोन्हीकडे जमिनीखाली धन आहे. आमच्याकडचा कोळसा दीडशे वर्षांपासून निघतो आहे, त्यांचे हिरे जेमतेम पन्नास-पंचावन्न वर्षांपासून. खदानीच्या गावात वाढलेल्या माणसाला एक प्रश्न जन्मभर पुरतो: एवढं सगळं निघालं, ते गेलं कुठे? या प्रश्नाला एका गरीब देशाने बऱ्यापैकी सरळ उत्तर दिलं, असं वर्षानुवर्षं वाचत आले होते. ते बघायला म्हणून जोहान्सबर्गहून बसने गाबोरोनेला गेले.

जूनचे दिवस, म्हणजे तिकडचा कोरडा हिवाळा. त्लोक्वेंगच्या नाक्यावर पासपोर्टवर शिक्का बसला आणि थोड्याच वेळात शहर लागलं. हे शहर वसवलं गेलं १९६० च्या दशकात, कारण देशाला राजधानीच नव्हती. ब्रिटिश या मुलखाचा कारभार माफिकेंगहून हाकत, आणि माफिकेंग होतं दक्षिण आफ्रिकेच्या हद्दीत. ३० सप्टेंबर १९६६ ला स्वातंत्र्य मिळालं तेव्हा अख्ख्या देशात डांबरी रस्ता होता बारा किलोमीटर. पदवीधर बावीस. माध्यमिक शाळा पूर्ण केलेले शंभराच्या आसपास. दुष्काळाने गुरं पटापट मरत होती आणि रोजच्या सरकारी खर्चासाठीही ब्रिटनच्या अनुदानाकडे डोळे लावून बसावं लागत होतं. आज त्याच शहरात चौपदरी रस्ते आहेत, विद्यापीठ आहे, नळाला पाणी आहे. हे सगळं हिऱ्यांनी केलं असं म्हणणं सोपं आहे. पण हिरे सिएरा लिओनमध्येही होते आणि काँगोमध्येही. तिथे त्यांनी बंदुका विकत घेतल्या.

गाबोरोनेत माझी सोय केली होती एका नागपूरकर गृहस्थांनी. हिऱ्यांना पैलू पाडणाऱ्या एका भारतीय कारखान्यात ते हिशेबाचं काम बघतात. कुठेतरी दूरच्या ओळखीतून फोन गेला होता, पण त्यांनी घरच्यासारखं केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला कारखान्यात घेऊन गेले. दोन दारं, दोन तपासण्या, फोन बाहेर. आत लांबच लांब टेबलं आणि प्रत्येकावर फिरती पोलादी तबकडी, सुरतेत जिला घंटी म्हणतात ती. तिच्यावर हिऱ्याचीच पूड आणि तेल. टेबलाशी बसलेल्या बहुतेक बायका स्थानिक होत्या. एकीने हिरा चिमट्यात घट्ट बसवला, तबकडीला टेकवला, दोन-तीन सेकंदांत उचलला, भिंगाखाली धरला, पुन्हा टेकवला. मी वीसेक मिनिटं तिच्या शेजारी उभी होते. एवढ्या वेळात तिने एकच पैलू घासला आणि तोही अजून तिच्या मनासारखा झाला नव्हता.

"२०१३ पर्यंत यांचा कच्चा माल लंडनला विकला जायचा, ताई," ते नागपूरकर भाऊ सांगत होते. "बोट्सवानाने अडून बसून ती विक्री इथे आणायला लावली. खरेदीदार विमानाने इथे यायला लागले, हॉटेलं भरली, आमच्यासारखे कारखाने आले. पण खरं सांगू, हाच हिरा सुरतेत घासायला याच्या निम्म्याहून कमी खर्च येतो."

"मग कारखाना चालतो कसा?"

"इथे माणसं शिकवाल, काम द्याल, तर कच्चा माल मिळेल, अशी अट आहे. अट काढली की आम्ही परत."

मला हे उत्तर आवडलं, कारण ते खरं होतं. कच्चा माल आपला आहे तर त्यावरचं काम थोडं तरी आपल्या अंगणात झालं पाहिजे, हा आग्रह या देशाने धरला. तो महाग पडतो. तरीही धरावा असंच मला वाटतं. पण त्या हॉलमधली निम्मी टेबलं रिकामी होती. कारखाना आठवड्यातून तीन दिवस चालत होता. प्रयोगशाळेत तयार झालेल्या हिऱ्यांनी बाजार खाली आणला आहे, आणि ते हिरे तयार होण्याचं एक मोठं केंद्र आपलं सुरतच. २०२३ मध्ये पंतप्रधान मोदींनी जिल बायडेन यांना भेट दिलेला साडेसात कॅरेटचा हिरा प्रयोगशाळेतलाच होता. आपल्याकडे त्याचं कौतुक झालं. ज्या देशाच्या निर्यातीपैकी सुमारे ऐंशी टक्के फक्त हिरे आहेत, त्याने ती बातमी कशी वाचली असेल याचा विचार मी त्या रिकाम्या टेबलांपाशी पहिल्यांदा केला.

ज्वानेंगची खाण गाबोरोनेच्या पश्चिमेला, दीडशे किलोमीटरच्या पुढे. गाडी चालवणारे गृहस्थ साठीचे होते. मी त्यांना तिथल्या रीतीप्रमाणे "रा" म्हणायचे, ते मला "म्मा". "दुमेला म्मा" म्हटल्याशिवाय इथे कोणाशी बोलायला सुरुवात करत नाहीत. पेट्रोल भरतानाही नाही.

कलहारीच्या वाळूचा जाड थर या भागावर पसरलेला आहे. खाली कुठे किंबरलाइटची, म्हणजे हिरे असलेल्या खडकाची, नळी आहे हे वरून कळायचं कसं? इथे कामी आली वाळवी. ओलाव्याच्या शोधात ती खोलवर बिळं पाडते आणि खालचे मातीचे, खनिजांचे कण वर आणून वारुळाला लावते. भूवैज्ञानिकांना वाळूत असे वर आलेले, हिऱ्यांच्या सोबतीने सापडणारे गार्नेट आणि इल्मेनाइटचे बारीक कण मिळाले. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला शोध लागला, १९८२ मध्ये खाण सुरू झाली, आणि मूल्याच्या हिशेबात ती जगातली सर्वांत श्रीमंत हिऱ्याची खाण ठरली. रस्त्याकडेच्या एका वारुळापाशी मी रांना गाडी थांबवायला सांगितली. माझ्या खांद्याएवढं, विटेसारखं टणक. नखाने खरवडलं तर राखाडी भुकटी हाताला लागली.

परवानगीचा कागद दाखवून खाणीच्या काठावर जाता आलं. एक सूचना मात्र दोनदा मिळाली: आत खाली वाकून काहीही उचलायचं नाही. समोर चारशे मीटरांहून खोल गेलेला खड्डा, पायऱ्यापायऱ्यांनी उतरलेला. तळातून डंपर वर येत होते, एकेकात शेकडो टन खडक. आमच्या पद्मापूर-दुर्गापूरच्या ओपनकास्टचं दृश्य डोळ्यांना सवयीचं असूनही इथे मी बराच वेळ काही बोलले नाही. एक टन खडकातून हाती येतात सव्वा-दीड कॅरेट, म्हणजे वजनाने पाव ग्रॅमच्या आसपास. दळलेल्या खडीवर क्ष-किरण सोडले की हिरा चमकतो, आणि हवेचा झोत त्याला बाजूला उडवतो. माणसाचा हात मध्ये येतच नाही.

या खाणीचा नफा वाटला कसा जातो, हे तिथल्या साध्या कामगारालाही माहीत असतं. कर, स्वामित्वधन आणि लाभांश मिळून सुमारे ऐंशी टक्के सरकारकडे जातात. आमच्याकडे खदानीतल्या माणसाला आपल्या जिल्ह्याच्या वाट्याला काय येतं हे विचारलं, तर तो हात झटकतो.

परतून उत्तरेचा ए-वन महामार्ग धरला. या रस्त्याला समांतर, जमिनीखालून, ३६० किलोमीटरची जलवाहिनी जाते. उत्तरेकडच्या लेत्सिबोगो धरणाचं पाणी गाबोरोनेला आणायला ती टाकली. २०१५ च्या दुष्काळात गाबोरोनेचं धरण आटलं तेव्हा शहर तगलं ते बऱ्याच अंशी या पाण्यावर. हिऱ्याच्या पैशाचं असं रूप मला सर्वांत पटतं. त्याच पैशाने २००२ पासून एचआयव्हीच्या रुग्णांना सरकारी औषधं फुकट दिली. तेव्हा देशातल्या प्रौढांपैकी निदान चौथा हिस्सा बाधित होता. रांच्या दोन्ही मेहुण्या त्या औषधांवर आहेत, असं त्यांनी आपणहून सांगितलं. "औषध यायच्या आधी आम्ही दर शनिवारी कोणाच्या ना कोणाच्या मयतीला असायचो."

दिबेतेला गुरांच्या रोगांसाठीचा तपासणी नाका लागला. सगळ्यांनी उतरायचं, औषधात भिजवलेल्या गोणपाटावर बूट घासायचे, गाडीची चाकं औषधाच्या पाण्यातून काढायची. हिरे सापडण्याआधी हा देश गुरांवर जगत होता, आणि गुरांची काळजी त्याने अजून सोडलेली नाही.

सेरोवेला मुक्काम केला, तो सेरेत्से खामा यांच्यासाठी. देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष इथले. बामांग्वातो जमातीच्या गादीचे वारस. १९४८ मध्ये त्यांनी रुथ विल्यम्स या गोऱ्या मुलीशी लग्न केलं, म्हणून ब्रिटिशांनी त्यांना स्वतःच्या देशातून हद्दपार केलं होतं. गावामागच्या टेकडीवर राजघराण्याचं दफनस्थान आहे. खाली गोल झोपड्या, पत्र्याची घरं आणि नव्या शाळेच्या इमारती एकमेकांत मिसळलेल्या दिसतात.

या माणसाच्या हातून घडलेल्या गोष्टींपैकी एक मला सगळ्यांत मोठी वाटते. त्यांच्या पक्षाने १९६५ च्या निवडणुकीतच सांगितलं होतं की जमिनीखालच्या खनिजावरचा हक्क जमातींकडून घेऊन राष्ट्राकडे द्यायचा. १९६७ मध्ये तसा कायदा झाला. त्याच वर्षी ओरापाला हिऱ्याची प्रचंड नळी सापडली, आणि ती कोणाच्या मुलखात? बामांग्वातोंच्या, म्हणजे खामांच्या स्वतःच्या जमातीच्या. हक्क जमातीकडेच राहिला असता तर एकच घराणं आफ्रिकेतलं अतिश्रीमंत झालं असतं आणि बाकीच्या सात जमाती त्याच्याकडे बघत बसल्या असत्या. पुढचं भांडण सांगायला नको. पितळी लोटा कोणाचा हे वाटणीआधी ठरलं की भाऊबंदकी टळते, तसं हे आधीच ठरून गेलं होतं.

दुसरी गोष्ट घासाघिशीची. १९६९ मध्ये डी बीअर्स या हिऱ्यांच्या बड्या कंपनीबरोबर भागीदारीत कंपनी काढली तेव्हा सरकारचा वाटा होता १५ टक्के. तेव्हा सरकारपाशी ना पैसा होता ना जाणकार माणसं. पण ओरापाची खरी श्रीमंती दिसल्यावर आणि पुढच्या खाणींच्या परवान्याची वेळ आल्यावर हे लोक पुन्हा बोलणी करायला बसले, आणि १९७५ मध्ये वाटा ५० टक्क्यांवर नेला. हीच कंपनी पुढे देब्स्वाना झाली. २०२५ च्या सुरुवातीला झालेल्या करारात देशाच्या स्वतःच्या कंपनीने विकायच्या कच्च्या मालाचा हिस्साही वाढवून घेतला आहे. एकदा सही केली म्हणून हात बांधले गेले, असं त्यांनी कधी मानलं नाही.

ओरापा तारेच्या कुंपणातलं गाव. परवान्याशिवाय आत पाऊल टाकता येत नाही. आत टुमदार बंगले, दवाखाना, शाळा, पाणी मारलेली हिरवळ. बाहेर थोड्या अंतरावर लेत्लाकानेत धुळीचे रस्ते आणि काम शोधणारी पोरं. पश्चिमेला पुढे मध्य कलहारीचं अभयारण्य सुरू होतं, जिथून १९९७ आणि २००२ मध्ये सरकारने बासार्वा लोकांना, म्हणजे सान आदिवासींना, बाहेर काढलं. हिऱ्यांसाठी काढलं नाही, असं सरकार म्हणत आलं. २००६ मध्ये उच्च न्यायालयाने ते काढणं बेकायदा ठरवलं. पुढे त्याच अभयारण्यात एक हिऱ्याची खाण उघडली आणि काही वर्षांतच बंदही पडली. गडचिरोली-चंद्रपूरच्या माणसाला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. धन राष्ट्राचं ठरलं हे उत्तम झालं, पण राष्ट्र म्हणजे कोण, हे ठरवताना बासार्वांना कोणी विचारलं नाही. या देशाबद्दलचा माझा आदर खरा आहे, आणि हा राग त्याच्याशेजारीच आहे.

शेवटी सेलेबी-फिक्वे. इथे तांबं आणि निकेल होतं, आणि ते वितळवण्याची भट्टीही. या एका खाणीसाठी १९७० च्या दशकात शाशेचं धरण बांधलं, वीजपुरवठा उभारला, रेल्वेचा फाटा टाकला. जिथे काहीच नव्हतं तिथे शहर झालं. ऑक्टोबर २०१६ मध्ये खाण आणि भट्टी दोन्ही बंद पडल्या, पाच हजारांहून जास्त लोकांच्या नोकऱ्या गेल्या. धुराडं अजून उभं आहे. बाजारपेठेतली कित्येक दुकानं फळ्या ठोकून बंद आहेत.

तिथे एका वेल्डिंगच्या दुकानात भट्टीवर पूर्वी फोरमन असलेले एक गृहस्थ भेटले. शेताची फाटकं बनवतात. हिऱ्याने आम्हाला रस्ता दिला, दवाखाना दिला, पण रस्त्यावरून न्यायला माल दिला नाही, अशा अर्थाचं ते बोलले, आणि माझंही मत साधारण तेच झालं होतं. पैशाच्या वाटपात हा देश पक्का, उद्योग उभारण्यात मात्र हात आखडता. बेकारी मोठी आहे, श्रीमंत-गरिबांमधली दरी तर जगातल्या सर्वांत रुंद दऱ्यांपैकी एक. अठ्ठावन्न वर्षं सत्तेत असलेला पक्ष २०२४ च्या निवडणुकीत हरला, त्यामागे हेच होतं.

मी त्यांना विचारलं, एक परदेशी कंपनी इथल्या जुन्या शाफ्टमध्ये पुन्हा ड्रिलिंग करते आहे, मग आशा वाटते का? त्यांनी हातातली जाळी खाली ठेवली आणि बोटांवर मोजत सांगायला लागले. खनिज बाहेर नेऊन वितळवायचं नाही, भट्टी इथेच पाहिजे. तंत्रशाळेतली पोरं पहिल्या दिवसापासून कामावर घेतली पाहिजेत. आणि खाण बंद करताना गावाला तीन वर्षं आधी कळवायचं, हे परवान्यातच लिहून घेतलं पाहिजे. "आम्हाला रेडिओवर कळलं होतं, म्मा," ते म्हणाले, आणि पुन्हा जाळी उचलून कामाला लागले, कारण गिऱ्हाईक बाहेर गाडी चालू ठेवून उभं होतं.