रोजा कोण मागतंय?

मुलगी जेवत नाही म्हटलं की आपल्याकडे तीन उत्तरं तयार असतात. नजर लागली असेल, अभ्यासाचं टेन्शन असेल, नाहीतर हल्लीच्या मुलींना बारीकच व्हायचं असतं. हा एक आजार असू शकतो आणि त्यात जीवही जातो, हे चौथं उत्तर आपल्या घरांत फार उशिरा पोहोचतं.

माझी धाकटी बहीण लग्नानंतर कोकणातून इंग्लंडला गेली. रत्नागिरी-रायगडकडची अनेक मुस्लिम घरं तिकडे स्थायिक आहेत, त्यातलंच तिचं एक. भाची पंधरा वर्षांची झाली आणि तिचं ताट रिकामं होत गेलं. आधी तळलेलं बंद, मग भात, मग चपातीही मोजून. वजन घसरलं, पाळी थांबली, हातपाय गार पडू लागले, तरी आरशात तिला स्वतःचं जाड शरीरच दिसायचं. डॉक्टरांनी निदान केलं: ॲनोरेक्सिया नर्व्होसा. त्या रात्री बहीण फोनवर एवढंच म्हणाली, "आपा, माझं काय चुकलं गं?"

हा प्रश्न आईबापांच्या माथी मारण्यात डॉक्टरांचाही वाटा आहे. लंडनच्या विल्यम गल यांनी १८७३ साली या आजाराला हे नाव दिलं. अशा रुग्णाची देखभाल करायला नातेवाईक सगळ्यांत अयोग्य, असं त्यांचं मत होतं. पुढे बराच काळ मुलीला घरच्यांपासून लांब ठेवणं हा उपचाराचाच भाग मानला गेला. हे चित्र बदलायला मोठा हातभार लागला तो लंडनच्याच मॉड्सली हॉस्पिटलचा. तिथला एक अभ्यास १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचा आजार कोवळ्या वयात सुरू झाला होता आणि तीन वर्षांपेक्षा जुना नव्हता, त्यांना एकट्याने घेतलेल्या उपचारापेक्षा कुटुंबासह घेतलेल्या उपचाराचा जास्त गुण आला. पुढे लंडनमध्ये आणि जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये अशी अनेक कुटुंबं एकत्र बसवायला सुरुवात झाली.

बहिणीचं कुटुंब अशाच एका गटात गेलं. साधारण पाच ते आठ कुटुंबं असतात. सुरुवातीला सलग चार दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकत्र राहायचं, मग पुढच्या काही महिन्यांत अधूनमधून एकेक दिवस भेटायचं. बोलणं असतंच, पण सगळ्यांनी मिळून जेवणं हा उपचाराचा गाभा. कधी कधी मुलांची अदलाबदल करतात. तुमची मुलगी दुसऱ्या आईबापांच्या टेबलावर आणि त्यांचं मूल तुमच्यासमोर. बहीण सांगत होती, "परक्याच्या लेकराला घास घे म्हणताना माझा आवाज चढला नाही, रडूही आलं नाही. आणि पलीकडे माझी मुलगी एका बटाट्यावरून दुसऱ्या आईशी तस्साच वाद घालत होती. तेव्हा कळलं, हे भांडण माझ्याशी नाहीच."

तिथे आजाराला मुलीपासून वेगळं करून बोलायला शिकवतात. हट्ट करतो तो आजार, खोटं बोलायला लावतो तोही आजार. मुलगी त्याच्या तावडीत सापडलेली असते आणि घरच्यांनी तिच्या बाजूने उभं राहायचं असतं.

मग रमजान जवळ आला. भाची म्हणाली, यंदा सगळे रोजे ठेवणार. सासूबाईंनी दुआ दिली, पाहुण्यांनी कौतुक केलं. बहिणीच्या पोटात गोळा आला, पण मुलीला रोजा ठेवू नको असं कुठल्या तोंडाने म्हणायचं? तिथे आपलं दुखणं कुणाला कळेल का, या धास्तीतच तिने गटात विषय काढला. एक आयरिश कॅथलिक आई म्हणाली, आमच्याकडे हे लेंटच्या उपवासात झालं. मुलीने आधी गोड सोडलं, मग एकेक करत सगळंच. आणि तिने विचारलं, "रोजा तुझी मुलगी मागतेय, की तो आजार?"

भाची बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मला माहीत नाही."

कुरआनात रोज्याचा हुकूम सूरह बकरामध्ये आला आहे आणि आजाऱ्याची, प्रवाशाची सवलत तिथेच, त्याला लागूनच आहे. ती पळवाट नाही, हुकमाचाच भाग आहे. आपण ती डायबेटिसवाल्या आजोबांना लगेच देतो. जो आजार दिसत नाही त्याला देताना मात्र अडखळतो. त्या रमजानमध्ये भाची रोज दुपारी जेवली. समोर तिचे अब्बा बसायचे, स्वतः रोज्याने, तिचं ताट संपेपर्यंत.

ब्रिटनमध्ये १६९ तरुण रुग्णांवर झालेली एक चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. वर्षभराच्या उपचारानंतर एकट्या कुटुंबासह उपचार घेणाऱ्यांत शंभरातल्या साठाहून थोड्या कमी जणांची स्थिती चांगली किंवा बऱ्यापैकी होती. अनेक कुटुंबांच्या गटातही गेलेल्यांत ही संख्या पंचाहत्तरच्या पुढे होती. म्हणजे सगळेच बरे होतात असं नाही. भाचीचंही वजन आता सावरलंय, पण ताटासमोरची भीती पूर्ण गेलेली नाही.

मला राहून राहून वाटतं ते आपल्या दस्तरखानाबद्दल. स्वतः न खाता इतरांसाठी रांधत, आग्रहाने वाढत राहणं ही या आजारात वारंवार दिसणारी गोष्ट आहे. आणि आपल्याकडे तर तीच लेकीची खूबी मानली जाते! इफ्तारीला सगळ्यांपुढे प्लेटी सरकवणारी, "मी नंतर खाते" म्हणणारी पोर किती गुणाची, असं आपण म्हणतो. तिच्या आड आजार बिनधास्त लपतो.

म्हणून अशी मुलगी दिसली तर चारचौघांत टोकू नका, तिच्या अंगाबद्दल तर काहीच बोलू नका. तिच्या आईला बाजूला घ्या, डॉक्टरांकडे सोबत चला म्हणा. त्या आईला आधीच वाटत असतं की हे फक्त आपल्याच घरात आहे.