प्रश्न क्रमांक १७

माझ्याकडून दोन वाक्यं लेखी घेतली आणि त्यातलं एकच वापरलं, याचा राग मला अजून येतो. गाव दक्षिण कोरियातलं देगू, शाळा तिथलं एक सरकारी मुलींचं हायस्कूल, प्रकरण पहिल्या सत्रातल्या परीक्षेचं. इंग्रजीचा पेपर, प्रश्न क्रमांक १७, गुण ३.७.

मी कोल्हापूरची. चौथीत असताना आईवडिलांबरोबर इंग्लंडला गेले, तिथलीच झाले, पासपोर्ट ब्रिटिश. कोरियात इंग्रजी शिकवायचा व्हिसा मुख्यतः सात देशांच्या नागरिकांना मिळतो. त्यात ब्रिटन आहे, भारत नाही. भारतीयांना २०१० पासून लागू झालेल्या भारत-कोरिया करारामुळे सरकारी शाळांपुरती एक फट आहे, पण पदवीबरोबर शिक्षकाचा परवानाही लागतो. मला तिथे असं कुणी भेटलं नाही. १९९५ साली सुरू झालेल्या ‘एपिक’ या सरकारी योजनेतून मी गेले. आठवड्याला २२ तास आणि राहायला फुकट खोली. बाकी सगळं सोबतच्या कोरियन शिक्षिकेवर सोपवलेलं. आमच्या बाई भल्या होत्या. बँकेत खातं उघडण्यापासून गॅसचं बिल भरण्यापर्यंत सगळं त्यांनी केलं, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल फारसं बरं बोलणार नाही.

माझा तास संभाषणाचा. त्याला परीक्षेत जवळजवळ काहीच किंमत नाही, त्यामुळे दुसऱ्या वर्षाच्या मुली तो झोपायला वापरत. खरीखुरी उशी आणत, बाकावर ठेवत, गाल टेकत. रात्री दहापर्यंत शाळेत अभ्यासाला बसायचं, शिवाय खाजगी क्लास, तेव्हा झोपायचं कधी? मी उठवायची नाही. ज्या चार-पाच जणी जाग्या असत त्यांच्याशी मी मनापासून बोलायची, आणि खरं सांगायचं तर तेच तास मला आवडायचे.

बाहेरच्यांना कोरियातली एकच परीक्षा माहीत असते, नोव्हेंबरातली सुनुंग. इंग्रजीच्या श्रवणचाचणीच्या वेळी विमानांची उड्डाणं थांबवतात, उशीर झालेल्या मुलांना पोलीस गाडीतून केंद्रावर सोडतात, वगैरे. त्याच्या बातम्या होतात. पण मुलींचा जीव वर्षभर टांगणीला लागलेला असतो तो शाळेच्या अंतर्गत गुणांवर. तेव्हा त्याच्या नऊ श्रेणी होत्या. पहिली श्रेणी वरच्या ४ टक्क्यांना, दुसरी त्याखालच्या ७ टक्क्यांना, असं उतरत जायचं. (२०२५ पासून हायस्कूलच्या पहिल्या वर्षाला नवाच्या पाच केल्यात.) अडीचशे मुली असतील तर पहिल्या श्रेणीत दहा. अकरावी कितीही हुशार असो, ती दुसऱ्या श्रेणीत. आणि वर फार जणींचे गुण सारखेच पडले तर पहिली श्रेणी कुणालाच न मिळण्याची पाळी येऊ शकते. म्हणून शिक्षक पेपरात मुद्दाम एकदोन खाचखळगे ठेवतात, गुणही ३.७, ४.२ असे विचित्र लावतात. परीक्षेच्या हॉलमध्ये मागे आया पहारा देत उभ्या. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं होतं.

प्रश्न असा होता: अधोरेखित पाच जागांपैकी व्याकरणाच्या दृष्टीने चूक कोणती? चौथी जागा होती ‘द टीम वेअर आर्ग्युइंग अमंग देमसेल्व्ज’. उत्तरसूचीप्रमाणे हीच चूक. ‘वेअर’ नको, ‘वॉज’ हवं.

दुपारच्या जेवणानंतर सगळ्या शाळेची दात घासायची वेळ असते. तेव्हा एक मुलगी एका हातात ब्रश आणि दुसऱ्या हातात प्रश्नपत्रिका घेऊन माझ्या टेबलापाशी आली. ओठाला पेस्ट लागलेली. चार क्रमांकाला तिने लाल पेनाने इतकी वर्तुळं काढली होती की कागद फाटायला आला होता. ‘टीचर, धिस, रियली राँग?’

नाही. ब्रिटनमध्ये आम्ही असंच बोलतो, लिहितो, फुटबॉलच्या बातमीत रोज येतं. शिवाय पुढे ‘देमसेल्व्ज’ आहे, म्हणजे तिथे ‘वेअर’च जास्त शोभतं. मी तसं सांगितलं. एवढंच माझं बोलणं, अर्ध्या मिनिटाचं. पण चौथी जागा बरोबर धरली तर त्या प्रश्नाला उत्तरच उरत नव्हतं, आणि उत्तर नाही म्हणजे ३.७ गुण सगळ्यांना. जिला चूक सापडली होती आणि त्यामुळे पहिल्या दहांत होती, ती बाहेर पडणार. संध्याकाळपर्यंत ‘विदेशी टीचर म्हणाल्या’ हे वाक्य मजलाभर फिरलं.

परीक्षेनंतर हरकती घ्यायला मुलींना काही दिवस देतात. भराभर हरकती आल्या. बाई माझ्याकडे आल्या, चेहरा पांढराफटक. प्रश्न त्यांनीच काढलेला होता. विभागप्रमुखांनी मला एक कोरा कागद दिला आणि मत लिहून सही करायला सांगितलं. मी लिहिलं: अमेरिकन इंग्रजीत ‘वॉज’ जास्त वापरतात. पण या वाक्यात ‘वेअर’ चूक नाही.

गुणांबाबतच्या समितीची बैठक झाली. मला बोलावलं नाही. निर्णय आला: वर्गात शिकवलेल्या नियमाप्रमाणे उत्तरसूची कायम. इतिवृत्तात नोंद अशी की मूळ इंग्रजीभाषक शिक्षिकेचं मत घेण्यात आलं असून त्यांच्या मते ‘वॉज’ अधिक रूढ आहे. पुढचं वाक्य गायब. ‘अहो, मी पुढेही काहीतरी लिहिलं होतं,’ असं बाईंना म्हटलं, तर त्या म्हणाल्या, ‘हो, पण समितीला एकच उत्तर लागतं.’ आणि मग, मला बरं वाटावं म्हणून की काय कोण जाणे, हसत हसत सांगितलं की एका आईचा फोन आला होता. तुमच्या टीचर मुळात भारतीय ना, मग त्यांचं कशाला विचारता, असं विचारत होत्या.

हे मात्र झोंबलं. शाळेला माझी सही ‘मूळ भाषक’ म्हणून हवी होती आणि त्या आईला माझा चेहरा चालत नव्हता. पैकी कुणालाच ‘वेअर’शी कर्तव्य नव्हतं. त्या रात्री लंडनला आईला फोन करून मी तासभर बडबडले. ती म्हणाली, ‘अगं, आपल्याकडे बोर्डाच्या पेपरात चूक सापडली की सगळ्यांना गुण देऊन मोकळे होतात, तसं करायचं होतं त्यांनी.’ मलाही तेव्हा तेच पटलं.

आता तितकंसं पटत नाही. सगळ्यांना ३.७ दिले असते तर ज्या मुलीने रात्र जागून तो नियम पाठ केला होता तिच्यावर अन्याय झाला असता, आणि तिला ‘वेअर’ चूक असं शिकवणारे तर आम्हीच होतो. पण मग ती ब्रशवाली? ती दुसऱ्या श्रेणीतच राहिली. माझ्याशी तिचं वागणं पूर्वीसारखंच होतं, वाकून नमस्कार करायची. वर्गात मात्र त्यानंतर उशी आणायला लागली.

तिकडे जाणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच की परीक्षेच्या आठवड्यात ‘हे बरोबर का’ असं कुणी विचारलं तर आधी कागद कुठला आहे ते बघा. आणि लेखी काही द्यायचं झालं तर एकाच वाक्यात द्या.

पुढच्या परीक्षेला व्याकरणाच्या प्रश्नांवर एक ओळ वाढली होती: ‘वर्गात शिकवल्याप्रमाणे’. शिवाय पेपर छापायला जाण्याआधी बाई गुपचूप माझ्याकडे घेऊन यायला लागल्या, दुसरं उत्तर कुठे निघतंय का बघायला. मी दार लावून, कॉफीचं पाकीट गरम पाण्यात ढवळत, एकेक पर्याय तपासायची. एकदा तर मीच म्हणाले, ‘हा फार सोपा आहे हो, वर चाळीस जणी राहतील,’ आणि आम्ही दोघींनी बसून तो अवघड केला. मजा आली, हे नाकारत नाही.

करार मी आणखी एका वर्षासाठी वाढवला. मुली आवडायला लागल्या होत्या आणि बाईंशी जमलं होतं. घर फुकट होतं, हेही आहेच.