सांचीची सहल आणि आईची झोप

‘सांचीला जायचे आहे, पण खर्च परवडत नाही,’ असे अनेक घरांतून ऐकू येते. खरे तर अंतरापेक्षा घाईच महाग पडते.

मुंबईहून पंजाब मेल संध्याकाळी सुटते आणि सकाळी भोपाळला पोहोचते. रात्र गाडीत गेल्याने लॉजचे एका रात्रीचे भाडे वाचते. पुढे सांची सुमारे ४५ किलोमीटर, बसने जाता येते. नोव्हेंबरअखेरच्या उत्सवात सारिपुत्त व मोग्गल्लान यांच्या अस्थींचे दर्शन घडते. तेव्हा गर्दी फार.

पूर्वी १२० दिवस आधी आरक्षण होई. नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत ६० दिवसांवर आली. म्हणजे उत्सवाला जायचे तर सप्टेंबरअखेर रजा मंजूर हवी, आणि पैसे हाताशी हवेत. परतीचे तिकीटही त्याच सुमारास काढावे. नाहीतर तत्काळचे जादा पैसे मोजावे लागतात. ज्येष्ठांची सवलत २०२० मध्ये बंद झाली, तेव्हा आजी-आजोबांचे भाडे पूर्ण धरावे.

एका जागी मात्र काटकसर नको. पाच ते बारा वर्षांच्या आतील मुलाला अर्ध्या तिकिटावर बर्थ मिळत नाही. बर्थसाठी पूर्ण भाडे पडते. पैसे वाचवायला दोन मुले आईच्या बर्थवर झोपवली, की आई रात्रभर बसून! पहाटे उठून सर्वांच्या भाकऱ्याही तिनेच बांधलेल्या असतात. वर्षातून एकदा घराबाहेर पडणाऱ्या त्या माउलीने स्तूप पेंगत का पाहावा? बंधूंनो, बर्थचे पैसे आधीच बाजूला काढा, आणि भाकऱ्या बांधायलाही हात लावा.