पंख्याची कुरकुर

आवाजाच्या बाबतीत माणूस मोठा लहरी आहे. रुळांकाठी राहणाऱ्या गृहस्थाला रात्रीची मेल केव्हा गेली ते कळत नाही. पण मोरीतल्या नळाच्या एका थेंबाने त्याची झोप उडते. मला वाटते, मोठा आवाज आपण दैव म्हणून सोसतो. बारीक आवाजामागे मात्र कोणाचा तरी हलगर्जीपणा असतो, आणि तो सोसवत नाही.

संगणकातल्या चिमुकल्या पंख्याची कुरकुर या दुसऱ्या जातीची. तुमच्यापैकी पुष्कळांनी तो पंखा पाहिलाही नसेल. छताच्या पंख्याचे नातवंड शोभेल एवढाच तो असतो. संगणकाची सारी हुशारी ज्या चिपमध्ये साठवलेली, ती टपालाच्या तिकिटापेक्षा फारशी मोठी नसते. पण जुन्या साठ वॅटच्या बल्बाइतकी वीज ती सहज खाते, आणि त्या मानाने तापते. १९८१ साली आयबीएमने आपला पहिला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला, तेव्हा त्याच्या चिपच्या डोक्यावर पंखा नव्हता. १९९३ मध्ये पेंटियम आला, आणि हळूहळू चिपवर ॲल्युमिनियमचा खाचाखाचांचा ठोकळा व त्यावर पंखा ही जोडी रूढ झाली. बुद्धी वाढली, तसा वारा घालणारा नोकर ठेवावा लागला!

आमच्या दोन खोल्यांच्या घरातही तो आला. माझा दिवस शाळेत जातो, संध्याकाळ वह्या तपासण्यात. कादंबरीच्या वाट्याला उरते ती रात्र. त्याच खोलीत आईची खाट. जुना पंखा थांबला म्हणून मी बाजारातून शे-सव्वाशे रुपयांना नवा आणला. दीड महिना तो गुणी मुलासारखा वागला. मग गुणगुण, मग घरघर, आणि थंडी पडल्यावर सुरू होताना चक्क किंकाळी! आईने तक्रार केली नाही. ती फक्त कूस बदलायची, आणि तिने कूस बदलली की माझे वाक्य अर्ध्यावर थांबायचे.

“आई, झोप लागत नाही का गं?”

“लागते रे. तू लिही. तुझ्या यंत्राला दम लागलाय नुसता.”

पंखा बंद करावा, तर चिप आधी मंदावते आणि शेवटी यंत्र आपणहून डोळे मिटते. हा अनुभव मोठमोठ्यांना आलेला आहे. १९८० साली ॲपल कंपनीने ‘ॲपल थ्री’ काढला. स्टीव्ह जॉब्झला पंख्याचा आवाज खपत नसे. त्याने पंख्यालाच फाटा दिला. यंत्र तापू लागले, आतल्या चिपा खोबणीतून सैल होऊ लागल्या. तेव्हा यंत्र दोन-तीन इंच उचलून टेबलावर आदळावे, असा सल्ला गिऱ्हाइकांना मिळाला! उष्णतेची समजूत आपल्या आवडीनिवडीने घालता येत नाही.

एका रविवारी मी पंखा सोडवला. मधला कागदी शिक्का सोलला, तेव्हा रोग दिसला. पंख्याचा आस एका बारीकशा धातूच्या बुशात फिरतो. बुश नीट कातलेला असेल आणि तेल टिकून राहील, तर पंखा वर्षानुवर्षे निमूट चालतो. इथे बुश ढिला होता आणि तेल आटलेले. मिनिटाला दोन-अडीच हजार फेरे घेणारा आस कोरड्या बुशात थरथरत होता. सौ.च्या शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब घातला. पंधरा दिवस शांतता नांदली, मग पुन्हा तेच. अखेर छर्ऱ्यांच्या बेअरिंगचा, तिप्पट किमतीचा पंखा बसवला. आता ऐकू येते ती नुसती वाऱ्याची फुंकर. दिवाळीच्या साफसफाईत त्या ठोकळ्याच्या खाचांतली धूळही मी ब्रशाने काढतो. पाती बोटाने धरून ठेवायची, एवढे पथ्य. धूळ साचली की पंख्याला उगाच जास्त धावावे लागते.

पण त्या ढिल्या बुशाचा विचार मनातून जात नाही. तो करणाऱ्याने धातूत आणि तेलात फार तर काही रुपये वाचवले असतील. ते वाचले असे त्याला वाटले. खरे म्हणजे त्यांची वसुली पुढे चालू राहिली: एका घरात, मध्यरात्री, एका म्हाताऱ्या बाईच्या झोपेतून. वस्तू करणाऱ्याने तिला पाहिले नव्हते आणि तिने त्याला. स्वस्तात केलेल्या कामाची उरलेली किंमत अशीच कोणीतरी तिसराच भरतो, आणि बहुधा तो कुरकुरत नाही.

माझे दोन्ही धंदे याच जातीचे आहेत. तयारीवाचून शिकवलेल्या तासाची किंमत मागच्या बाकावरचा मुलगा भरतो. पुढचा हुशार मुलगा कसेही शिकतोच. घाईने उरकलेल्या प्रकरणाची किंमत दूर गावातला एखादा वाचक भरतो. तो कंटाळून पुस्तक मिटतो आणि दिवा मालवतो. पंखा निदान किंचाळून सांगतो. हे दोघे काही बोलत नाहीत. म्हणून वर्गात शिरण्यापूर्वी आणि कागद पुरा करण्यापूर्वी बुशात तेल आहे ना, हे आपले आपणच पाहिलेले बरे.